तिम्मव्वाचा चर

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार ते विचारू नका, कारण मला ज्यांनी सांगितली त्यांनीही ते कुणाला विचारलेलं नव्हतं. तेव्हा आपल्या खोलवडीत एवढी घरं नव्हती, पारावरचा हा पिंपळ माणसाच्या कमरेएवढा होता आणि चहा नावाची वस्तू गावात कुणी पाहिलेली नव्हती. लोक सकाळी उठत तरी कसे होते, देव जाणे!

पण जमीन हीच होती आणि नदीही हीच. नदीचं कागदावरचं नाव काहीही असो, आपल्याकडं तिला गंगाच म्हणतात. ती वरच्या अंगानं येते, शिवाराला वळसा घालते आणि खालच्या अंगाला निघून जाते. दुसऱ्या बाजूला खडकाळ माळ. माळ आणि नदी यांच्या मधोमध आपलं काळं रान, परातीसारखं खोलगट. म्हणून तर गावाचं नाव खोलवडी. पावसाळ्यात माळावरचं पाणी ओढ्यानं रानात उतरायचं आणि गंगेचा पूर काठ ओलांडून आत यायचा. दोन पाण्यांच्या मधे सापडलेलं पीक बिचारं काय करणार? ज्वारी पिवळी पडून कुजायची, मूग शेंगेतच मोड काढायचा.

शेवटी गाव वैतागलं. ठरलं, की नदीच्या काठानं बांध घालायचा आणि पुराला आत येऊच द्यायचं नाही. मातीकाम म्हटलं की मातीवडार. मातीवर त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा चालत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे. वडारांची एक टोळी गाढवं घेऊन आली, माळाच्या पायथ्याला पालं पडली. टोळीचा म्होरक्या होता हुलगाप्पा, आणि तिम्मव्वा त्याची बायको.

हुलगाप्पा खणायचा, तिम्मव्वा पाटी उचलायची. तिची एक सवय होती. पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी ती त्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. ही माती बसेल, ही भेगाळेल, ही पाणी धरून ठेवील, हे ती चवीवरून सांगायची. असं म्हणतात, की डोळे बांधून शिवारातल्या कुठल्याही वावराची माती तिला दिली, तरी ती त्या वावराचं नाव सांगायची. हुलगाप्पा तिची थट्टा करायचा. "तुझ्या कालवणाला मीठ कमी का असतंय, ते आत्ता कळलं," म्हणायचा. पण तिनं नको म्हटलेली माती त्यानं बांधात एकदाही घातली नाही.

दोन उन्हाळे खपल्यावर बांध उभा राहिला. दोन पुरुष उंच, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्या श्रावणात चंद्राक्कानं बांधावर उभं राहून गंगेची ओटी भरली. चंद्राक्का म्हणजे सातगोंडा पाटलाची आई. गावावर पाटलाचा शब्द चालायचा आणि पाटलावर चंद्राक्काचा. ओटीची रीत फार जुनी. गंगा ही गावची लेक, श्रावणात ती माहेरपणाला येते, तिची ओटी भरल्याशिवाय तिला परत पाठवायची नाही. तर चंद्राक्कानं खण, नारळ आणि तांदूळ बांधावरून खाली पाण्यात सोडले, हळदकुंकू वाहिलं, आणि सगळं गाव खुशीत घरी गेलं.

मग पाऊस लागला. असा लागला, असा लागला, की अकरा दिवस कुणी सूर्य पाहिला नाही. गंगा चढत चढत बांधाला येऊन भिडली आणि तिथंच थांबली. काय तो आनंद! लोक बांधावर जाऊन नदीला वाकुल्या दाखवायचे. पाठीमागं माळावरचं पाणी उतरून रानात गुडघाभर झालंय, कमरेएवढं झालंय, छातीला लागलंय, याकडं कुणाचं फारसं ध्यानच नव्हतं. तेराव्या दिवशी गंगा उतरायला लागली. गावानं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच दुपारी बांध फुटला.

हुलगाप्पा खोरं घेऊन धावला. असं म्हणतात, की त्यानं खिंडारात उतरून आपली पाठ पाण्याला लावली आणि पन्नास माणसं बांधावरून पळून बाहेर पडेपर्यंत पाणी तसंच अडवून धरलं. आता पाठीनं पाणी कसं अडेल, असं तुमच्यातल्या शहाण्यांना वाटेल. वाटू द्या. पन्नास माणसं वाचली, एवढं खरं. मग पाण्यानं त्याला नेलं. खोरं नेलं. टोळीनं चार दिवस नदीचे दोन्ही काठ धुंडाळले, पण त्याचं पागोटंसुद्धा हाती लागलं नाही.

आणि गावानं काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पीक गेलं की माणसाला कुणावर तरी खापर फोडायला लागतं. ज्याच्यावर फोडायचं तो मेलेला असला, तर बरंच सोपं जातं. "हुलगाप्पानं कच्ची माती घातली," असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी ते गावाच्या तोंडी झालं. खिंडाराजवळून जाणारा जो तो खाली वाकायचा, एक ढेकूळ उचलायचा, हुलगाप्पाच्या नावानं शिवी हासडायचा आणि ढेकूळ खिंडारात भिरकावायचा. ज्यांना त्यानं वाचवलं होतं, त्यांतल्याही काहींनी ढेकळं टाकली हो!

टोळीनं पालं उतरवली. दीर म्हणाला, "वैनी, चला. हितं आता आपलं काय ऱ्हायलं?"

तिम्मव्वा म्हणाली, "माझ्या माणसाच्या नावानं ढेकळं पडत्यात, तवर मी हितनं हलत न्हाई."

टोळी गेली. एक पाल, एक गाढवीण, एक पाटी आणि एक जुनं खोरं, एवढं मागं राहिलं. सकाळी लोक ढेकळं टाकून जायचे. ते गेले, की तिम्मव्वा खिंडारात उतरायची, तीच ढेकळं वेचायची, पाणी शिंपडून पायानं तुडवायची आणि खिंडारात थरावर थर बसवायची. कोण कुठल्या शिवीसकट काय टाकून गेला, ते ती बघत नव्हती. माती तेवढी चाखून घ्यायची.

त्या खिंडारात बसल्या बसल्याच एक दिवस तिच्या ध्यानात आलं. फुटलेल्या बांधाचा मलबा पडला होता तो नदीच्या अंगाला. रानाच्या अंगाला मूठभरही नव्हता. तिनं पुन्हा पाहिलं. खाली उतरून हातानं चाचपून पाहिलं. नदीनं बांध ढकलला असता, तर माती आत, रानात पडली असती. इथं ती बाहेर पडली होती. म्हणजे बांध नदीनं फोडलाच नव्हता! कोंडलेलं पाणी आत छातीएवढं साचलं होतं, बाहेरची नदी उतरली, बाहेरचा आधार गेला आणि आतल्या पाण्यानं बांध उलथवून टाकला. तिनं त्या मलब्यातली माती जिभेवर ठेवली. माती चोख होती. मग मात्र ती रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली.

डोळे पुसून ती थेट चावडीवर गेली.

"पाटील, बांध नदीनं न्हाई फोडला. तुमच्याच रानातल्या पाण्यानं फोडला. माती कुठल्या अंगाला पडलीया, ती येऊन बघा. माझ्या माणसाच्या कामात खोट न्हवती. पाण्याला भायेर जायाला वाट न्हवती."

सातगोंडा पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्या वर्षी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो म्हणाला, "बाई, नवरा गेल्याचं दुःख समजतं आम्हाला. पण माती कुठं पडली हे बघून पोट भरत न्हाई. आता आमचं ठरलंय. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रान बुडालं, तर गाव उठवायचं आणि माळावर वस्ती करायची. तिथं कुसळाबिगर काही उगवत न्हाई, पण बुडणार तरी न्हाई."

गाव उठवायचं!  गाव उठलं म्हणजे खिंडार तसंच राहणार. हुलगाप्पाच्या बांधामुळं गाव उठलं, असं जग असेपर्यंत सांगितलं जाणार. तिम्मव्वाच्या हातात एक हिवाळा आणि एक उन्हाळा होता.

रानातलं पाणी तेव्हा हळूहळू आटत होतं. तिनं काठावरच्या वाळुंजाच्या फांद्या तोडून त्यांच्या काठ्या केल्या. रोज सकाळी पाण्याची कड जिथं असेल, तिथं ती एक काठी रोवायची. दुसऱ्या दिवशी कड आत सरकलेली असायची, तिथं दुसरी. महिना-दीड महिना हेच. लोकांना आयतीच करमणूक झाली. "काय तिम्मव्वा, पाणी राखायला बसलीयास व्हय? पळून जाईल म्हणून?" असं म्हणून माणसं खो खो हसायची. ती पुढची काठी रोवायची. पाणी जिथून शेवटी हटतं, ती रानातली सगळ्यात सखल जागा. काठ्या त्या जागेपर्यंतची वाट दाखवत होत्या. पाणी स्वतःच आपला रस्ता आखून देत होतं आणि ती फक्त खुणा करत होती.

काठ्यांची ओळ ओढ्यापासून निघाली, अर्ध्या शिवारातून वळली आणि शेवटी थांबली ती वाकात. नदीच्या वळणाच्या आतलं, खालच्या टोकाचं जे रान, त्याला तेव्हाही वाक म्हणायचे. साठ बिघे, काळंभोर. आणि मालक कोण? सातगोंडा पाटील. नशिबाची थट्टा ती याहून मोठी काय असायची?

दिवाळीनंतर तिनं खोरं घेतलं आणि माळाच्या पायथ्यापासून चर खणायला सुरुवात केली. काठ्यांच्या ओळीनं, कमरेएवढा खोल, दोन हात रुंद. एकटी बाई. असं म्हणतात, की ती खणायची तेव्हा पुढं मुंग्या चालायच्या आणि तिला मऊ माती दाखवायच्या. मी म्हणत नाही, गाव म्हणतं. गायरानातून चर गेला, पडीक रानातून गेला, ज्यांनी हसून का होईना परवानगी दिली त्यांच्या वावरातून गेला, आणि ऐन उन्हाळ्यात वाकाच्या कडेला येऊन पोचला. तिथं पाटील उभाच होता.

"इथनं पुढं खोरं टाकायचं न्हाई," पाटील म्हणाला.

"पाटील, वाकातनं चर न्यायाचा न्हाईच मला. वाक मोकळा सोडायचा हाय."

"म्हंजे?"

"पावसाळ्यात हितं काही पेरायचं न्हाई. चरातनं येणारं सगळं पाणी हितं येऊन बसंल. खालच्या टोकाला बांधात फळ्यांचं दार करायचं. गंगा उतरली की दार उघडायचं, पाणी आपल्या पायानं निघून जाईल. गंगा चढली की दार लावायचं. वळणाच्या वरच्या अंगापेक्षा खालच्या अंगाला नदी दोन हात खाली असतीया, मी मोजलंय. साठ बिघे बुडू द्या, बाकीचं सगळं शिवार तरंल."

पाटलाच्या कपाळाची शीर उडायला लागली. "माझे साठ बिघे! गावात एवढी रानं असताना माझेच? आज रान सोड म्हणतीयास, उद्या घर सोड म्हणशील!"

"पाण्यानं ठरवलंय, पाटील. मी न्हाई. एक पावसाळा द्या. एकच. शिवार बुडालं, तर ढेकळं खिंडारात टाकू नका, माझ्या अंगावर टाका. मी हू की चू करायची न्हाई."

तेवढ्यात चंद्राक्का आली. कुणीतरी घरी जाऊन सांगितलंच असणार, आपल्या गावात सांगणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. काठी टेकत टेकत ती चरापर्यंत आली, वाकून आत बघितलं, मग लेकाकडं बघितलं.

"सातगोंडा," ती म्हणाली, "मी चाळीस वर्सं गंगेची ओटी भरती. लेक दारात आली, की तिला आत घ्यावी, घोंगडं अंथरावं, चार दिस बसू द्यावं, मग ओटी भरून लावून द्यावी. आपण काय केलं? दाराला कडी घातली आणि भिंतीवरनं ओटी तिच्या अंगावर फेकली! अशी ओटी कुठली लेक घेईल रे? आणि माळावरनं येणारं पाणी, तेबी शेवटी गंगेलाच जाणारं, तिचंच. त्याला आपण आत कोंडून मारलं. ही बाई म्हणतीया, लेकीला टेकायला जागा द्या. तिचं काय चुकलं?"

  मग म्हातारीनं तिम्मव्वाची पाटी उचलली, मातीनं भरली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. पाटलांच्या घरची कर्ती बाई, सत्तरी उलटलेली, जरीकाठाच्या लुगड्यात, भर उन्हात माती वाहतेय! आता गावात घरी बसून राहायची कुणाची छाती होती? दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस आलं. तिसऱ्या दिवशी घरटी दोन आली. पाटील चौथ्या दिवशी आला, तोंड फुगवून आला, पण खोरं घेऊन आला. चर रुंद झाला, खोल झाला, त्याला डाव्या-उजव्या अंगानं लहान लहान चर येऊन मिळाले. खिंडार तर तोवर बुजलंच होतं. कशानं? ढेकळांनी! गावानं शिव्या देऊन टाकलेल्या ढेकळांनी तिम्मव्वानं खिंडार पुरतं भरून काढलं होतं. वाकाच्या टोकाला बांध फोडून पाणी जायला दगडी मोरी केली, तिला बाभळीच्या फळ्यांचं दार बसवलं. दारापाशी तिम्मव्वानं दोन काठ्या रोवल्या, एक आत आणि एक बाहेर, दोन्हींवर सारख्या खाचा.

आणि मग तो पावसाळा आला. त्याच्याआधी तसा झाला नव्हता आणि त्याच्यानंतर झाला नाही, असं म्हणतात. मासे चिंचेवर चढले, असंही म्हणतात. ते सोडा. पण गंगा आदल्या वर्षीपेक्षा हातभर वर आली आणि माळावरून पाणी धबाधबा खाली कोसळलं. सगळं गाव जीव मुठीत धरून बांधावर उभं होतं. माळावरचं पाणी ओढ्यात आलं, ओढ्यातून चराच्या तोंडाशी आलं, क्षणभर घुटमळलं आणि वळलं. शहाण्या गुरासारखं वळलं आणि चरातून चालायला लागलं. वावरावावरांतून लहान चर भरून वाहत होते, मोठ्या चराला येऊन मिळत होते, आणि सगळं पाणी वाकात उतरत होतं. ज्वारी उभीच्या उभी!

चार दिवसांत वाक भरला. पाच दिवसांत पाटलाच्या साठ बिघ्यांवर पुरुषभर पाणी झालं. सहाव्या दिवशी पाण्याची कड लगतच्या वावरांना चाटायला लागली आणि पाटलाचा धीर सुटला. पाच-सहा गडी घेऊन तो दारापाशी आला.

तिम्मव्वा फळ्यांवर बसली होती. डोक्यावर इरलं, पाय पाण्यात. पहिल्या दिवसापासून ती तिथंच होती.

"ऊठ," पाटील म्हणाला. "काढा रे फळ्या. पाणी जाऊ द्या भायेर."

"भायेर गंगा हातभर वर हाय, पाटील. फळ्या काढल्या तर आतलं जायाचं न्हाई, भायेरचं आत घुसंल. मग शिवारच काय, गावपण ऱ्हायाचं न्हाई."

"आणि न्हाई काढल्या तर?"

"तर थांबायचं."

गडी पुढं झाले. तिम्मव्वा जागची हलली नाही. म्हणाली, "काढायच्या असतील, तर आदी मला काढा. माझा माणूस खिंडारात उभा ऱ्हायला तवा त्यानं कुणाला इचारलं न्हवतं. मीबी इचारणार न्हाई."

गडी थबकले. पाटलानं आतल्या काठीकडं पाहिलं, बाहेरच्या काठीकडं पाहिलं. खाचा मोजल्या. पुन्हा मोजल्या. बाहेर तीन खाचा जास्त पाणी होतं, तिथं वादाला जागाच नव्हती.  मग त्यानं गड्यांना परत पाठवलं आणि तिच्या शेजारी फळीवर बसला. गावचा पाटील आणि वडाराची बाई, पुढचे तीन दिवस त्या दारावर शेजारी शेजारी बसून काठ्या बघत होती. चंद्राक्का दोघांना भाकरी आणून द्यायची. असं म्हणतात, की तिम्मव्वा त्या तीन दिवसांत गंगेशी बोलत होती. काय बोलत होती, ते एकट्या पाटलानं ऐकलं आणि त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाहेरची काठी उघडी पडायला लागली. दोन्ही काठ्यांवर पाणी बरोबरीला आलं. तिम्मव्वा म्हणाली, "अजून न्हाई." बाहेर चार बोटं खाली गेलं. "अजून न्हाई." बाहेर एक खाच खाली गेलं. तेव्हा ती उठली, नऊ दिवसांनी उठली, आणि पाटलाला म्हणाली, "घ्या, तुमच्या हातानं काढा."

पाटलानं फळी उचलली. वाकातलं पाणी असं निघालं, की त्याचा आवाज पाच गावं ऐकू गेला. नऊ दिवस साचलेलं पाणी दिवस मावळायच्या आत गंगेला जाऊन मिळालं, असं म्हणतात. निदान निम्मं तरी गेलं असेल, तुम्ही एवढं तरी माना! बांध जिथल्या तिथं होता. आणि सगळ्यात घट्ट कुठं होता? जिथं खिंडार होतं तिथं.

पाणी ओसरल्यावर तिम्मव्वा दाराच्या बाहेर, नदीच्या अंगाला उतरली. तिथं गाळात एक खोरं उभं होतं. आडवं पडलेलं नव्हतं बरं का, कुणीतरी आत्ता रोवून ठेवावं तसं सरळ उभं होतं. दांड्याला पितळेचं कडं. ते कडं तिनंच लग्नानंतर पहिल्या पाडव्याला बसवून घेतलं होतं. वर्षभर पाण्यात राहून त्याच्या पात्याला गंजाचा ठिपका नव्हता. गंगा माहेरपणाला आली, चार दिवस ऐसपैस बसली, आणि जाताना नेलेलं परत ठेवून गेली.

तिम्मव्वानं खोरं उचललं, छातीशी धरलं आणि बांधावरून चालत निघाली. मागं पाटील, मागं सगळं गाव. जिथं खिंडार होतं, तिथं पाटील थांबला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं, पाटीभर माती आणली आणि त्या जागेवर ओतली. साऱ्या गावादेखत मोठ्यानं म्हणाला, "हुलगाप्पा, आम्ही चुकलो. तुझ्या कामात खोट नव्हती." मग एकेक माणूस पुढं झालं. ज्यांनी ज्यांनी ढेकूळ टाकलं होतं, त्या प्रत्येकानं पाटीभर माती टाकली. तिम्मव्वानं प्रत्येक पाटीतली चिमूटभर चाखली आणि मान हलवली.

पाटलाच्या वाकाचं काय झालं? पाणी गेल्यावर तिथं वीतभर गाळ साठला होता, लोण्यासारखा. त्यात हिवाळ्यात शाळूची ज्वारी पेरली. असं म्हणतात, की त्या शाळवात उंट शिरला असता तरी दिसला नसता, आणि आपल्याकडं उंट नसतात म्हणून ते कुणी करून पाहिलं नाही. पाटलानं त्यानंतर वाकात पावसाळी पीक कधी घेतलं नाही, आणि सगळ्या गावानं आपापल्या तरलेल्या पिकातून पायली-पायली धान्य पाटलाला द्यायचं ठरवलं. पाटील नको म्हणाला. गावानं ऐकलं नाही.

तिम्मव्वा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पालाच्या जागी तिला गावानं घर बांधून दिलं. दर पावसाळ्यात ती दारावर जाऊन बसायची. म्हातारी झाली, डोळे गेले, तरी बोटं पाण्यात बुडवून सांगायची, अजून न्हाई. एका वर्षी पूर उतरला, लोक फळ्या काढायला गेले, तर फळ्या आधीच काढलेल्या होत्या, नीट एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि तिम्मव्वा तिथं नव्हती. काठाच्या ओल्या गाळात माणसाच्या पावलांच्या दोन जोड्या उमटल्या होत्या, एक बाईची आणि एक पुरुषाची, नदीच्या दिशेनं शेजारी शेजारी गेलेल्या. असं म्हणतात. आणि हे मीही म्हणतो.

तिच्या वाळुंजाच्या काठ्यांना त्याच वर्षी पालवी फुटली. आज चराच्या कडेनं जी वाळुंजाची रांग दिसते ना, ती तीच. मधे कधीतरी बाहेरून माणसं आली, दुर्बिणीतून चराचा उतार मोजून गेली. म्हणाली, एक वीतही इकडंतिकडं करायची गरज नाही. आम्हाला ते आधीच माहीत होतं, पण आलेल्या माणसाला चहा पाजून 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचं असतं.

अजूनही अक्षय्य तृतीया झाली, की पुढच्या सोमवारी गावातलं प्रत्येक घर आपल्या वाट्याचा बारा हात चर उपसतं. मुंबईला गेलेलं पोरगंही त्या दिवशी येतं, नाही आलं तर त्याच्या आईला गाव विचारतं. पहिलं खोरं पाटलांच्या सुनेनं मारायचं. वाकात पावसाळी पेरायचं नाही, मग मालक कुणीही असो. श्रावणात गंगेची ओटी बांधावरून टाकायची नाही. वाकात उतरायचं, घोंगडं अंथरायचं, त्यावर ओटी ठेवायची. आणि बाहेर एक खाच पाणी उतरल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही, मग कुणाचं कितीही रान बुडो.

आणि बांधावरून कधी गेलात तर बघा, एका जागी तो बाकीच्यापेक्षा दीड पुरुष उंच आहे. गावात नवी सून आली, नवा जावई आला, कुणाचा पाहुणा आला, की त्याला तिथं नेतात. तो हमखास विचारतो, "इथंच बांध एवढा उंच का?" तेव्हा कुणी काही सांगत नाही. त्याच्या हातात एक पाटी देतात, आणि माती कुठून आणायची ते दाखवतात.